विश्लेषण : बहरलेला मॅग्नोलिया एका रात्रीत तपकिरी का पडतो?

लंडन किंवा न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबांना मार्च-एप्रिलमध्ये शेजारच्या बागेत एकही पान नसलेले, पण पांढऱ्या फुलांनी लगडलेले झुडूप दिसते. ते आपल्या सोनचाफ्याचे भावंड. वसईच्या वाड्यांतून दादरच्या फुलबाजारात येणारा सोनचाफाही वनस्पतिशास्त्रात आता मॅग्नोलियाच. पूर्वी त्याला मिशेलिया म्हणत.

हे झुडूप कोणते?

स्टार मॅग्नोलिया. मूळचे जपानच्या होन्शू बेटावरचे; तिथले नाव शिदेकोबुशी. रानात ते आता दुर्मीळ झाले आहे, बागांत मात्र जगभर पोहोचले. वाढ सावकाश, उंची साधारण अडीच-तीन मीटर. म्हणजे छोट्या परसालाही पेलणारे.

मग फुले का करपतात?

झाड कडाक्याची थंडी सोसते, उमललेली फुले सोसत नाहीत. चार दिवस ऊब मिळाली की कळ्या फसतात आणि उघडतात. मग एका रात्री पारा शून्याखाली गेला की सकाळी सगळा बहर तपकिरी चिंध्यांसारखा लोंबतो. झाड मरत नाही, पाने येतात. पण फुलांसाठी वर्षभर थांबावे लागते. म्हणून थंड प्रदेशात ते दक्षिणेकडच्या उबदार भिंतीलगत लावू नये, तिथे कळ्या घाई करतात. पूर्वेचे कोवळे ऊनही घातक, कारण गोठलेल्या पाकळ्या झपाट्याने वितळून फाटतात. 'रॉयल स्टार' हा वाण थोडा उशिरा फुलतो, तो घ्यावा. हिमाचा इशारा असेल त्या रात्री जुनी चादर टाकली तरी बराच बहर वाचतो.

छाटणी केव्हा?

फुले गळताच, आणि तीही बेताची. पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळ्यातच धरतात आणि लवदार आवरणात हिवाळा काढतात. हिवाळ्यात कात्री चालवली की फुलेच कापली जातात. मुळे मांसल आणि उथळ असतात. बुंध्याभोवती खणू नये, पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे. जागा एकदाच नीट निवडावी, मोठे झाड हलवलेले त्याला मानवत नाही. माती किंचित आम्लधर्मी, निचऱ्याची हवी.

पुण्या-मुंबईत लावता येईल?

नाही. त्याला खरा हिवाळा लागतो. आपल्याकडे 'मॅग्नोलिया' म्हणून मिळणारे रोप मॅग्नोलिया ग्रँडिफ्लोराचेही असू शकते. ते सदाहरित, वेगळेच झाड. पैसे मोजण्याआधी रोपवाटिकेत शास्त्रीय नाव विचारावे.