दिवेआगर : जेवायला किती जण?

दिवेआगरला समुद्र रस्त्यावरून दिसत नाही. ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा करत आलेला माणूस गावात शिरतो, तेव्हा त्याला दोन्ही हातांना घरं दिसतात, दगडी गडगे दिसतात आणि त्यामागे सुपारीच्या उंच, सडपातळ खोडांची दाटी. लाटांची गाज ऐकू येत असते, पण समुद्र नेमका कुठे हे कुणाला तरी विचारावं लागतं. मग एखाद्या बोळातून, नाहीतर कुणाच्या तरी वाडीतून वाट निघते. सुरूचं बन लागतं आणि त्यापलीकडे एकदम चार-पाच किलोमीटरची सपाट पुळण उघडते.

गावाची ही ठेवण जुनी आहे आणि पर्यटनाचा विचार तिच्यात कुठेच नव्हता. घराचं तोंड रस्त्याला, मागे पडवी, विहीर, मग नारळी-पोफळीची लांबलचक वाडी आणि वाडी संपली की वाळूचे उंचवटे. खारं वारं अंगावर घ्यायला सुरू आणि नारळ पुढे, माणसं आत. मुरुड, गुहागर, केळशी, श्रीवर्धन, कुठेही पाहा, किनाऱ्याची जुनी गावं थोड्याफार फरकाने अशीच वसलेली आहेत. त्यामुळे मुंबई-पुण्याचे लोक सुट्टीला येऊ लागले तेव्हा त्यांची सोय समुद्रावर झालीच नाही. ती झाली वाडीत. पोफळीच्या दोन-चार ओळी काढून खोल्या बांधल्या गेल्या, गोठ्याचं रूपांतर झालं, ओटीवर गाद्या पडल्या आणि रस्त्यावर पाटी लागली : घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम सोय. कोकणातल्या सुट्टीचा सगळा पसारा या एका पाटीवर उभा आहे आणि माझ्या मते हॉटेल या प्रकाराशी त्याचं नातं लांबचं आहे.

फरक पहिल्या फोनलाच कळतो. हॉटेलवाला विचारतो, खोल्या किती. इथे फोन उचलणारी वहिनी किंवा काकू विचारते, जेवायला किती जण? लगेच पुढचे प्रश्न : शाकाहारी किती, मासे खाणारे किती, लहान मुलं तिखट खातात का, मोदक सांगून ठेवू का आणि माणशी किती. खोलीचं बोलणं नंतर. बरीच वर्षं दरही असाच होता. माणशी अमुक रुपये; त्यात सकाळचा चहा, नाश्ता, दोन वेळचं जेवण आणि रात्री अंग टाकायला जागा. एका खोलीत चौघे झोपा नाहीतर सहा, घरधनिणीचा हिशेब ताटांचा.

हा हिशेब आला कुठून? या घरांना मोठ्या संख्येने माणसं सांभाळायची सवय आधीपासूनच होती. मुंबईला गेलेले चाकरमानी गणपतीला आणि मे महिन्यात बायकामुलांसह घरी यायचे. पंचवीस-तीस पानं एका पंगतीला उठवणं ही गोष्ट घरच्या सुनेला नवीन नव्हती. नावं कोरलेली मोठी पातेली, फडताळातली जास्तीची ताटं, ओळीने अंथरूणं घालता येतील असं माजघर, हे भांडवल घरात पडूनच होतं. पर्यटनाने फक्त वर्षाचे उरलेले महिने भरले. सरकारनेही पुढे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळातर्फे न्याहारी-निवास योजना आणून अशा घरांना नोंदणी दिली. पण सरकारने हा धंदा जन्माला घातला असं म्हणता येणार नाही. महामंडळ १९७५ चं, त्याची मोठी निवासं गणपतीपुळे, हरिहरेश्वर, तारकर्ली अशा ठिकाणी. दिवेआगरला वाटा मिळाला तो वेगळ्याच मार्गाने.

नोव्हेंबर १९९७ मध्ये इथल्या एका सुपारीच्या वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली. आत गणपतीचा सोन्याचा मुखवटा आणि दागिने. मुखवट्याचं वजन किलोहून जास्त. म्हसळ्याच्या पलीकडे ज्याचं नाव फारसं कुणी घेत नव्हतं त्या गावात गाड्यांची रीघ लागली. दर्शनाला आलेल्या माणसाला दुपारी भूक लागते, या सरळ गरजेतून कितीतरी चुली पेटल्या. आधी जेवण, मग आग्रह झाला म्हणून मुक्काम. दोनच महिन्यांनी, २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाला आणि माणगाव स्टेशन बाहेरगावच्या माणसाच्या नकाशावर आलं. खरं तर दिवेआगर इतिहासाला अपरिचित नव्हतं. शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा मराठी ताम्रपट इथलाच, आणि रूपनारायणाची देखणी मूर्ती तर आजही देवळात उभी आहे. पण ताम्रपटाने कुठल्या गावात बस वळल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

या व्यवस्थेचं खरं यंत्रघर पाहायचं असेल तर समुद्रावर जाऊ नये. सकाळी दहाच्या सुमाराला मागच्या पडवीत जावं. शनिवार असेल तर तिथे शेजारपाजारच्या दोघी-तिघी मोदक वळायला बसलेल्या असतात. उकळत्या पाण्यात मीठ आणि चमचाभर तूप पडलेलं असतं, त्यात तांदळाचं पीठ घालून दणदणीत वाफ काढली जाते आणि ती उकड परातीत उलटून हाताला सोसेल न सोसेल अशी गरम असतानाच मळली जाते. तेल-पाण्याचा हात. उंड्याची पारी अंगठ्याने फिरवत फिरवत कडेला पातळ आणि मध्ये किंचित जाड ठेवायची. मध्य पातळ राहिला तर सारणाचा गूळ खालून फुटतो. सारणात घरचाच नारळ, बहुधा घरचंच जायफळ. मग कळ्या. बोलता बोलता, कुणाच्या मुलीचं लग्न कुठे ठरलं हे सांगता सांगता, बोटं एकामागून एक चिमटे घेत जातात आणि शेंडा जुळतो. मोदकपात्रात हळदीचं पान, त्यावर मोदक, वर झाकण.

उकड थांबत नाही, हे यातलं मर्म. गार झाली की पारीला चिरा जातात. तयार मोदकही ताटकळला की वरून सुकतो. म्हणून आदल्या रात्री आकडा हवा. ऐनवेळी आलेल्या पाहुण्याला पोळी-भाजी, वालाचं बिरडं, आमटी-भात, सोलकढी मिळेल. मोदक मिळणार नाही. शहरातल्या माणसाला हे अडेलपणाचं वाटतं. पैसे देतोय ना, मग? पण ज्या घरात फ्रिजरमधून काढून वाफवायची पद्धत नाही, तिथे आकडा हाच साठा असतो. उरलेलं ताट दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. चारजणांचं सांगून दोघांनीच यायचं, हा प्रकार इथे बेशिस्त नव्हे तर चक्क नुकसान मानला जातो, आणि ते योग्यच आहे.

माशांची गोष्ट थोडी निराळी. ज्या घरी मोदक, त्या घरी सहसा मासे नाहीत. गावात फिरताना पाट्या वाचल्या की एक रेघ दिसू लागते : काही आळ्यांत ‘शुद्ध शाकाहारी’, काहींत ‘ताजे मासे मिळतील’. जातीपातीची जुनी वस्ती ताटांतून वाचता येते, हे गुळमुळीत न करता सांगितलेलं बरं. पाहुण्यांनी त्यावर आपला तोडगा काढलेला आहे. मुक्काम आणि सकाळचं घावन एका घरी, दुपारची सुरमई दुसऱ्या घरी. यजमानांनाही हे पाठ झालंय. शाकाहारी घरची काकू स्वतःच सांगते, मासे खायचे तर अमक्यांकडे जा, पण आत्ताच सांगून ठेवा. मासळी येते शेजारच्या भरडखोलच्या होड्यांची किंवा श्रीवर्धनच्या जीवना बंदरावरची. १ जूनपासून जुलैअखेरपर्यंत यांत्रिक बोटींना बंदी असते. त्या दोन महिन्यांत ‘ताजी सुरमई’ असं कुणी ठामपणे सांगितलं तर थोडं सबुरीने घ्यावं आणि सुकट-जवळ्याची चटणी मागावी. ती तेव्हाच जास्त खरी असते.

पाहुणे नसतात तेव्हा हीच माणसं बागाईतदार असतात. इथली सुपारी श्रीवर्धनी रोठा, मोठ्या गराची. श्रीवर्धनला कोकण कृषी विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्रच आहे. थंडीत अंगणात पिकलेली केशरी सुपारी वाळत पडते. महिना-दीड महिना उलथापालथ करत उन्हात राहते, मग सोलली जाते. पाडेली पोफळीवर चढतो, शिंपुट कापून खाली सोडतो आणि तिथूनच झोका घेऊन शेजारचं झाड पकडतो. खाली उतरायचं नाव नाही. आठ-दहा झाडं झाली की मगच पाय जमिनीला. सकाळी चहाचा कप घेऊन ओटीवर आलेली शहरातली मुलं हे पाहतात आणि समुद्रावर जायचं विसरतात. असे पाडेली आता कमी होत चाललेत. मिळालाच तर त्याच्या सवडीने काम. अशा स्थितीत सुपारीचा पैसा वर्षातून एकदा आणि खोलीचा दर शनिवारी, हा फरक कुठल्याही घराला मोहात पाडेल.

मोहात पाडलंच. गेल्या काही वर्षांत दर माणशी न राहता खोलीगणिक झाला. त्यामागे एसी आला. एसीला खोलीच मोजावी लागते, माणसं नाही. एसीमागोमाग गिझर, टीव्ही, टाइल्स, मग कर्ज, मग कर्जाचा हप्ता निघावा म्हणून आणखी दोन खोल्या. जेवण वेगळं, ‘अनलिमिटेड थाळी’च्या दराने. काही ठिकाणी वाडीत पोहण्याचा तलाव आला. समुद्र पाच मिनिटांवर असताना निळ्या फरशीच्या हौदात डुंबणाऱ्यांना पाहून हसू येतं. पण मुलांच्या आयांना विचारलं तर त्या म्हणतील, भरती-ओहोटीची काळजी नको. मुद्दा विहिरीच्या पाण्याचा आहे. मे महिन्यात किनाऱ्यालगतच्या विहिरी तळ गाठतात, पाणी मचूळ होऊ लागतं, आणि त्याच पाण्यावर पोफळीचं शिंपण चालतं. हौद भरायचा की वाडी शिंपायची, हा प्रश्न पाहुण्याला दिसत नाही, कारण दोन्ही पंप मागच्या बाजूला असतात.

माणशी दर होता तोवर घरातली बाई धंद्याच्या केंद्रस्थानी होती. फोन तिचा, आकडा तिचा, आणि मूल आजारी असेल तर या शनिवारी घेत नाही असं म्हणायचा अधिकारही तिचा. खोलीगणिक हिशेब सुरू झाला तसा फोन मुलाकडे गेला, मोबाइलवर बुकिंग आलं, आगाऊ रक्कम यूपीआयवर. नाही म्हणणं अवघड झालं. सोय वाढली हे नाकारायचं कारण नाही. रात्री अकराला पोहोचणाऱ्या कुटुंबाला खोली तयार मिळते ती याच नव्या शिस्तीमुळे. तरी अजून कितीतरी घरांत ताट वाढताना काकू समोर उभी राहते आणि ‘घ्या हो, एकाने काय होतंय’ म्हणत तूप सोडते. अशी घरं ओळखायची खूण सोपी आहे. फोनवर पहिला प्रश्न कुठला येतो ते पाहावं.

या गावाने पडझडही पाहिली. मार्च २०१२ मध्ये सुवर्णगणेशाच्या देवळावर दरोडा पडला, दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला, मुखवटा नेला गेला आणि वितळवला गेला. नंतर बसगाड्यांचा ओघ आटला असं गावात सांगतात. मुखवटा पुन्हा घडून बसला तो नोव्हेंबर २०२१ मध्ये. मधल्या काळात टाळेबंदी आली आणि तिच्या ऐनभरात, ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. श्रीवर्धन तालुक्याने त्याचा पूर्ण मारा सोसला. पत्रे, कौलं उडाली ती महिन्या-दोन महिन्यांत परत बसली. वाड्या मात्र झोपल्या. पोफळी एकीवर एक कोसळल्या, आणि नवं रोप लावलं तरी सुपारी हातात यायला पाच ते आठ वर्षं जातात. ज्यांची खोल्यांची मिळकत होती त्यांनी त्या पैशावर वाडी पुन्हा लावली. काहींनी रिकाम्या झालेल्या जागेत आणखी खोल्या बांधल्या. दोघांनाही दोष देता येत नाही. मात्र सावलीसाठी येणाऱ्या पाहुण्याला मोकळ्या उन्हातली एसी खोली मिळाली तर तो पुढच्या खेपेला दुसऱ्या गावाला जाईल, एवढं दुसऱ्या मंडळींनी ध्यानात घ्यायला हवं होतं.

जायचं असेल तर सलग सुट्ट्या टाळाव्यात. २६ जानेवारीला जोडून रविवार आला की माणगावात गाड्यांची रांग लागते आणि गावात मोदक वळणारे हात तेवढेच राहतात. मुरुड-जंजिऱ्याकडून येणाऱ्यांना आगरदांड्याहून दिघीला जंगलने, म्हणजे फेरीबोटीने, खाडी ओलांडता येते. गाडी त्यावर चढते आणि प्रवासातला हा तुकडा मुलांना सगळ्यात आवडतो. दिवेआगरहून श्रीवर्धनला जाणारा शेखाडीचा रस्ता तर समुद्राला इतका खेटून जातो की चालवणाऱ्याने थांबूनच पाहावं.

रेवस ते रेड्डी सागरी महामार्गात आगरदांडा-दिघी खाडीवर पूल ठरलेला आहे. तो झाला की अलिबागकडून येणाऱ्याची वाट बरीच तुटेल. पण पोहोचायला सोपं झालेलं गाव परतायलाही सोपं होतं. सकाळी येऊन संध्याकाळी घरी जाणारा पाहुणा दुपारी जेवतो, मुक्काम करत नाही. ज्यांनी हप्ते काढून सात-आठ एसी खोल्या उभ्या केल्यात त्यांना याची चिंता वाटली तर नवल नाही. ज्यांच्याकडे अजून दोन खोल्या, एक मोठं मोदकपात्र आणि माणशी दर आहे, त्यांना दुपारची वाढीव ताटं झेपतील. त्यांनी फक्त मोदक वळायला आणखी एक-दोघी शोधून ठेवाव्यात. आतापासूनच, कारण शनिवारी मोकळ्या असणाऱ्या बायका गावात फारशा उरलेल्या नाहीत.