यंत्र हाती दिल्याने वाचा खुंटत नाही

मूल चार वर्षांचं झालं तरी बोलत नाही, म्हटल्यावर घरचे धीर देतात, ‘बोलेल हो, याचा बापही उशिराच बोलायला लागला.’ कुणी टॅबलेटवरचं संवादसाधन सुचवलं, तर लगेच शंका येते : ‘बटणं दाबायची सवय लागली तर तोंड कशाला उघडेल?’ ही भीती मायेपोटीच असते, पण ती खरी ठरत नाही. मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी 2006 साली आधीच्या 23 अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांतल्या काटेकोर पद्धतीच्या सहा अभ्यासांत 27 जण होते. साधन मिळाल्यामुळे एकाचंही बोलणं कमी झालं नाही. 89 टक्के जणांचं वाढलं, बाकीच्यांचं होतं तसंच राहिलं. वाढ बहुधा माफक होती, त्यामुळे यंत्र दिलं की मूल घडाघडा बोलेल, असं आश्वासन कुणी देऊ नये. पण तोटा होत नाही, हे नक्की. त्याचं कारणही साधं आहे. ज्याला ‘पाणी’ म्हणता येतं, तो पाण्याचं चित्र शोधत बसत नाही; तोंडाने बोलणंच सोपं आणि झटपट असतं.

‘त्याला कळतच नाही, मग यंत्राचा काय उपयोग?’ हा दुसरा गैरसमज. समजणं आणि उच्चारणं या दोन वेगळ्या क्षमता आहेत. सेरेब्रल पाल्सीमध्ये अनेकदा ओठ, जीभ आणि श्वास यांचा मेळ बसत नाही, तरी आकलन उत्तम असू शकतं. शिवाय तान्ह्या बाळाशी बोलण्याआधी आपण त्याची परीक्षा घेत नाही. वर्षभर बोलत राहतो, तेव्हा कुठे पहिला शब्द येतो. साधनाचंही तसंच आहे. मोठ्यांनी बोलता बोलता स्वतः चित्रांवर बोट ठेवायचं, म्हणजे मूल पाहून शिकतं. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे मोफत अ‍ॅप पाहा. पदार्थाच्या चित्रावर बोट ठेवून ‘आणखी’चं बटण दाबलं, की ते पूर्ण वाक्य बोलून दाखवतं. टॅबलेट परवडत नसेल, तर पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या चित्रांनीही सुरुवात होते.

तिसरा गैरसमज सर्वांत घातक : भूक-तहान सांगता आली की पुरे. मागण्या पुरवून घेणं म्हणजे स्वावलंबन नव्हे. ‘नको’, ‘थांब’, ‘इथे दुखतंय’, ‘मला हात लावू नकोस’ हे सांगता येणं, ही त्याची खरी सुरुवात. म्हणून साधनात फक्त वस्तूंची नावं भरून भागत नाही; नकार, प्रश्न, राग, थट्टा यांचेही शब्द हवेत आणि साधन सतत हाताशी हवं. शिक्षा म्हणून ते काढून घेणं म्हणजे मुलाचं तोंड दाबणंच.

यावर एक आक्षेप रास्त आहे : ते शब्द मुलाचेच कशावरून? मदतनीसाने हात धरून अक्षरं दाबायला लावण्याची एक पद्धत 1990च्या दशकात गाजली होती. नियंत्रित चाचण्यांत ते शब्द मदतनीसाचेच निघाले. म्हणून कसोटी स्पष्ट ठेवावी. बोट, नजर किंवा स्विच, निवड मुलानेच करायची; त्याचा हात कुणी धरायचा नाही. उत्तरासाठी मात्र घाई न करता थांबायचं.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील ‘संवादा’च्या व्याख्येत अशा पर्यायी साधनांचा स्पष्ट उल्लेख आहे, म्हणजे शाळेत ती वापरू देणं ही मेहेरबानी नव्हे. वाचा येण्याची वाट जरूर पाहा, स्पीच थेरपीही चालू ठेवा. पण तोवर मुलाला शब्दांवाचून ठेवू नका.