वाफ कधी दिसते का?

‘व्हेपमधून नुसती पाण्याची वाफ निघते ना? मग खोलीत ओढली तर काय बिघडलं?’ हॉस्टेलात राहणाऱ्या एका वाचकानं विचारलंय. उत्तर कुकरपाशी आहे. शिट्टी होताना नीट बघा. तिच्या अगदी तोंडाशी काहीच दिसत नाही, पांढरा लोट सुरू होतो तो जरा वर. खरी वाफ अदृश्य असते. दिसतात ते ती निवून झालेले थेंब. व्हेपचा ढग दिसतो, म्हणजे तेही थेंबच, आणि ते मुख्यतः पाण्याचे नव्हेत. ते प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनचे, सोबत बहुधा निकोटीन आणि फ्लेवर. इतके बारीक की थेट वायुकोशांपर्यंत पोचतात.

ग्लिसरीन तर खोकल्याच्या औषधातही असतं! खरंय. १७७९ मध्ये कार्ल शेले या स्वीडिश औषधविक्रेत्यानं ऑलिव्ह तेलातून ते वेगळं केलं आणि चव घेऊन गोड ठरवलं. पण पोटात जाणारं ग्लिसरीन वेगळं आणि तापलेलं वेगळं. कढईतलं तेल जास्त तापून धूर आला की डोळे चुरचुरतात, ठसका लागतो. तेलातल्या ग्लिसरीनपासून बनणाऱ्या अॅक्रोलिनचा त्यात मोठा हात असतो. पहिल्या महायुद्धात फ्रेंचांनी हाच पदार्थ शत्रूवर सोडला होता. व्हेपची कॉइल दोनशे अंशांच्या पुढे तापते. द्रव शोषणारा आतला कापूस कोरडा पडला की आणखी, आणि मग अॅक्रोलिन वाढतं. सिगारेटपेक्षा ते सहसा कमी असतं, हे मान्य. पण जो सिगारेट ओढतच नव्हता, त्यानं तुलना स्वच्छ हवेशी करायला हवी. तेल करपलं की आपण धावत जाऊन खिडकी उघडतो. इथं तेच मुद्दाम छातीत ओढायचं?

शिवाय २०१९ पासून आपल्याकडे ई-सिगारेटच्या, म्हणजे व्हेपच्याही, उत्पादन, आयात आणि विक्रीवर बंदी आहे. म्हणजे टपरीमागून मिळणाऱ्या त्या रंगीत नळीत काय भरलंय, हे कुणीच तपासलेलं नसतं.

आता खोलीचं. स्प्लिट एसी सहसा बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच फिरवत राहतो. ढग काही क्षणांत विरतो, पण निकोटीन चादरींवर, भिंतींवर, पडद्यांवर बसतं आणि हळूहळू पुन्हा हवेत येतं.

पत्रात त्या वाचकानं पुढे लिहिलंय, खोलीत आम्ही तिघं, एसी रात्रभर चालू. तिसरा उशाशी इनहेलर ठेवून झोपतो.