बाजाराचा मालक आणि विक्रेता

मीरा रोडच्या एखाद्या बिऱ्हाडांत किंवा भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांत नवा संगणक येतो, तेव्हां व्हायरसपासून त्याचें रक्षण करण्याची व्यवस्था बहुधा त्यांत अगोदरच असते. तिच्यासाठीं वेगळे पैसे मोजावे लागत नाहींत. फुकट मिळालेल्या वस्तूविषयीं तक्रार कोण करील? परंतु एका उद्योजकानें ती जाहीरपणें केली, आणि कां केली हें समजून घेणें आपणां ग्राहकांच्याहि हिताचें आहे.

यूजीन कॅस्परस्की यांनीं सहकाऱ्यांसह १९९७ सालीं मॉस्को येथें अँटिव्हायरस तयार करणारी कंपनी स्थापन केली. नोव्हेंबर २०१६ मध्यें, आतां सहन करणें पुरे झालें, अशा आशयाचा लेख लिहून त्यांनीं मायक्रोसॉफ्टवर उघड आरोप केले. मायक्रोसॉफ्टची ‘विंडोज’ ही संगणकाची मूळ प्रणाली. इतर सॉफ्टवेअर तिच्याच आधारानें चालतें. त्याच कंपनीचा ‘डिफेंडर’ हा अँटिव्हायरस २०१२ च्या विंडोज ८ पासून प्रणालींतच अंतर्भूत झाला. म्हणजे बाजार ज्याच्या मालकीचा, त्याचेंच त्यांत दुकान!

कापडाचा व्यापारी फुकट ठाण देईल, तर प्रत्येक ठाणामागें त्याला तोटा होईल. सॉफ्टवेअरची दुसरी प्रत काढण्यास मात्र जवळजवळ कांहींच खर्च येत नाहीं. शिवाय विंडोजची किंमत अगोदरच वसूल झालेली असते. म्हणून तिच्या मालकाला जें फुकट देणें परवडतें, तें इतरांना परवडत नाहीं.

पण कॅस्परस्की यांची तक्रार केवळ ‘फुकट’ या शब्दावर उभी नव्हती. विंडोज १० घेतांना आपला जुना अँटिव्हायरस तिच्याशीं जुळत नाहीं असें ठरलें, कीं तो दूर होऊन डिफेंडर सुरू होई. नवी आवृत्ति येण्यापूर्वीं तिच्याशीं आपला माल जुळवून घेण्यास इतरांना फारच थोडे दिवस मिळत. यावर मायक्रोसॉफ्टचें उत्तर असें, कीं कोणतेंहि यंत्र क्षणभरहि असंरक्षित राहूं नये. आणि हें उत्तर अगदींच पोकळ नव्हतें. रशियांतील स्पर्धानियामकांकडे व जून २०१७ मध्यें युरोपीय आयोगाकडे फिर्याद गेली. ऑगस्टमध्यें मायक्रोसॉफ्टनें इतरांना अधिक वेळ देण्याचें मान्य केलें, मुदत संपल्याची सूचना ग्राहकाला स्वतः देण्याची मोकळीक दिली, आणि फिर्याद मागें घेण्यांत आली.

ही चुरस आपल्या महाराष्ट्रालाहि परकी नाहीं. पुण्यांत कॅल्क्युलेटर व संगणक दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधु संजय यांनीं १९९५ सालीं ‘क्विक हील’ बाजारांत आणला. व्हायरस काय नासधूस करतो, हें त्यांना दुरुस्तीच्या दुकानांतच दिसलें होतें. नॉर्टन व मॅकॅफी या अमेरिकन नांवांपुढें गांवोगांवचे विक्रेते आणि तत्पर साहाय्य हें त्यांचें बळ ठरलें. फेब्रुवारी २०१६ मध्यें कंपनीचे शेअर बाजारांत नोंदले गेले. पुढें मात्र, फुकट मिळणारें रक्षण असतांना पैसे कां द्यावेत, हें घरगुती ग्राहकाला पटविणें भाग पडलें. कारखाने व कचेऱ्यांसाठीं कंपनीनें ‘सेक्राइट’ हें स्वतंत्र नांव उभें केलें.

कॅस्परस्की हे निःस्वार्थी फिर्यादी नव्हते. २०२४ सालीं अमेरिकेनें राष्ट्रीय सुरक्षिततेच्या कारणावरून त्यांच्या मालाची विक्रीच बंद केली. तथापि, फिर्याद करणाऱ्याविषयींचा संशय हें फिर्यादीचें उत्तर होत नाहीं. गांवांतील सर्व दारांना एकाच बनावटीचें कुलूप असेल, तर चोराला एकच किल्ली घडवावी लागते. आपल्या संगणकावर कोणतें कुलूप असावें हें आपण निवडूं शकतों, याचें कारण दुसरें कुलूप बनविणारा अजून बाजारांत टिकून आहे. त्याला मालकानें सवलत द्यावी असें कोणी म्हणत नाहीं; परंतु दुकान मांडण्यास वेळ आणि गिऱ्हाइकाशीं बोलण्याची मुभा, एवढें तरी त्याला मिळालेंच पाहिजे.