दुखणं समजून घेताना (लेखांक ९) : दाढ ठणकते त्या रात्री

दिवसभर कुरकुरणारी दाढ रात्री अंथरुणाला पाठ टेकली की ठणकायला लागते. डेंटिस्टचा दवाखाना बंद, औषधाचं दुकान शटर ओढायच्या बेतात, आणि घरात ज्याला जे सुचेल ते तो सांगत असतो. आजी लवंग धर म्हणते, काका तंबाखूची चिमूट दाढेखाली दाब म्हणतात, शेजारी त्यांच्याकडे उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घेऊन येतात. मागच्या लेखांकात आपण डोकेदुखी पाहिली. या वेळी जबडा आणि चेहरा. डेंटिस्टकडे पोचेपर्यंतचा वेळ कसा काढायचा, आणि कोणतं दुखणं घेऊन सकाळपर्यंतही थांबू नये, हे आज पाहायचं आहे. त्यातलं दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण जबड्याच्या दुखण्यात माणसं वेळ घालवतात ती बहुतेक ‘दातच तर आहे’ असं म्हणून.

रात्रीच का ठणकतं, हे आधी समजून घेऊ. दाताच्या आत मऊ गर असतो, त्यात रक्तवाहिन्या आणि नसा. कीड तिथवर पोचली की गराला सूज येते. बोटाला सूज आली तर बोट फुगतं, पण गराभोवती दाताची कठीण भिंत असल्यामुळे त्याला फुगायला जागाच नसते. सगळा दाब नसेवर येतो. आडवं झाल्यावर डोक्याकडचा रक्ताचा दाब थोडा वाढतो आणि ठणका नाडीच्या ठोक्यांबरोबर जाणवू लागतो. म्हणून त्या रात्री दोन उशा घेऊन, डोकं उंच ठेवून झोपावं. साधी गोष्ट आहे, पण फरक पडतो.

गार पाण्याने सणक येऊन लगेच थांबत असेल, तर गर बहुधा अजून वाचवता येतो. सणक पाच-दहा मिनिटं रेंगाळत असेल, किंवा काही न खाता-पिता आपोआप ठणका सुरू होत असेल, तर गराचा आजार पुढे गेला आहे. मग एक दिवस दुखणं एकदम थांबतं. घरात सगळ्यांना हायसं वाटतं, डेंटिस्टची भेट रद्द होते. प्रत्यक्षात बऱ्याचदा आतली नस मेलेली असते आणि जंतुसंसर्ग मुळाच्या टोकाकडे सरकलेला असतो. काही दिवसांनी किंवा महिन्यांनी तोच दात चावताना उंच झाल्यासारखा लागतो, दाबला की दुखतो, हिरडीवर पुळी येते. आपोआप थांबलेल्या दातदुखीचा मी कधीच भरवसा धरणार नाही.

आता दुखतं एकीकडे आणि जाणवतं दुसरीकडे, हा घोळ. चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूची संवेदना एकच मोठी नस मेंदूकडे नेते. तिच्या तीन शाखा : कपाळ-डोळ्याची, वरच्या जबड्याची आणि खालच्या जबड्याची. नागपुरात सीताबर्डीच्या व्हरायटी चौकात डोळे मिटून उभं राहिलं तर हॉर्न नेमका कोणत्या रस्त्यावरून वाजला ते कळत नाही, तसं मेंदूचं होतं. खालची अक्कलदाढ दुखते आणि माणूस कानात तेल घालत बसतो. सर्दी मुरून गालाच्या हाडातली पोकळी भरते आणि वरच्या तीन-चार दाढा एकदम दुखतात, खाली वाकलं की जास्तच. तिथे एखादी चांगली दाढ काढून घेतली तरी दुखणं जागच्या जागीच राहतं.

सकाळी उठल्यावर जबडा आंबलेला, कानाजवळ टकटक आवाज, कानशिलं दुखतात, अशी तक्रार असेल तर दोष बहुधा स्नायूंचा आणि सांध्याचा असतो. झोपेत दात खाण्याची किंवा ताणात दात घट्ट आवळून धरण्याची सवय यामागे असते. एरवी वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेले नसावेत. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला सैल लागलेली, अशी जबड्याची विश्रांती असते. अशा दुखण्याला कोमट फडक्याचा शेक, मऊ वरण-भात किंवा खिचडी, आणि सुपारी-च्युइंगमला सुट्टी एवढ्यानेही काही दिवसांत उतार पडतो. जांभई देताना हनुवटीखाली मूठ धरावी, म्हणजे तोंड फार वासलं जात नाही. चेहऱ्याला वारा लागला, पाणी लागलं, दाढी करताना हात लागला की विजेसारखी क्षणभराची कळ येत असेल, तर तो नसेचा वेगळा आजार असू शकतो. त्यावर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत, औषध वेगळं असतं आणि ते डॉक्टरांनीच सुरू करायचं असतं.

तर त्या रात्री करायचं काय? आधी ब्रश आणि दोरा फिरवून दातांत अडकलेलं अन्न काढा. एवढ्यानेही कधी कधी ठणका निम्मा होतो. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून सावकाश चुळा भरा. गालावर सूज असेल तर बर्फ फडक्यात गुंडाळून बाहेरून दहा-पंधरा मिनिटं धरा. सुजेवर गरम शेक देऊ नका. लवंगेच्या तेलात नस बधिर करणारं द्रव्य असतं, तेव्हा आजीचं म्हणणं खरं आहे. पण कापसाच्या बोळ्यावर एकच थेंब, आणि तो दातावर. तेल ओतलं तर हिरडी भाजते. लहान मुलांना ते लावू नका. ॲस्पिरिनची गोळी दाढेपाशी ठेवण्याची पद्धत तर पूर्ण सोडून द्या. गोळी पोटात जाऊन काम करते. हिरडीवर ठेवली तर तिथली कातडी पांढरी पडून सोलवटते, आणि डेंटिस्टला दाताआधी ती जखम पाहावी लागते.

मोठ्या माणसाला दातदुखीवर आयबुप्रोफेन 400 मिलीग्रॅम, काहीतरी खाऊन, आणि त्याच्या जोडीला पॅरासिटामॉल 500 मिलीग्रॅम, ही जोडी चांगली लागू पडते. पण पाकिटाच्या मागे नक्की वाचा. दुकानात मिळणाऱ्या कित्येक गोळ्यांमध्ये ही दोन्ही औषधं आधीच एकत्र असतात, सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, आणि नकळत दुप्पट डोस जातो. पोटातला अल्सर, किडनीचा आजार, दमा, गरोदरपण किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊ नये. पावसाळ्यात आणि त्यानंतर नागपुरात डेंग्यूची साथ असते. त्या दिवसांत दातदुखीबरोबर ताप असेल तर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन टाळून पॅरासिटामॉलवरच थांबा, कारण डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका असतो.

शेजाऱ्यांच्या अँटिबायोटिकबद्दल स्पष्टच सांगते. सुजलेल्या गरापर्यंत ते नीट पोचत नाही. मुळाशी पू झाला असेल तर पू बाहेर काढणं, नस साफ करणं किंवा दात काढणं हाच उपाय. सूज पसरली, ताप आला तर अँटिबायोटिक लागतं, पण कोणतं आणि किती दिवस ते डॉक्टर ठरवतील. दोन गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, पुढच्या औषधाला दाद न द्यायला मात्र शिकतात.

राहिली तंबाखूची चिमूट. विदर्भात दात दुखला की तंबाखू किंवा खर्रा दाबून धरणारी माणसं घरोघरी आहेत. तंबाखूने हिरडी थोडा वेळ बधिर होते आणि तोच आराम सवय लावतो. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून केलेलं मिश्रण. पानठेल्यावर पन्नीची पुडी हातात येते आणि गालात एकाच जागी तासन्‌तास धरली जाते. सुपारीने गालाच्या आतलं अस्तर हळूहळू कडक दोऱ्यांसारखं आवळत जातं. या रोगाला सबम्यूकस फायब्रोसिस हे नाव 1953 मध्ये डॉ. एस. जी. जोशी यांनी दिलं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये तंबाखूशिवायच्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं. पहिली खूण ओळखू येण्यासारखी असते : एरवी आवडीने खाल्लेला सावजी रस्सा सोसवत नाही, साधी तर्रीही आग करते. मग तोंड कमी उघडू लागतं. आरशासमोर उभे राहा आणि तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. स्वतःची तीन बोटं जात नसतील, तर जबडा दुखत नसला तरी तपासून घ्या. अक्कलदाढेच्या सुजेनेही तोंड कमी उघडतं, पण ते काही दिवसांत अचानक होतं. खर्र्याचं तोंड महिन्या-वर्षांनी मिटत जातं.

सकाळची वाट पाहू नये अशी दुखणी वेगळी. जबड्याखाली, गळ्याकडे सूज पसरते आहे, जीभ वर उचलली जाते आहे, थुंकी गिळता येत नाही, श्वासाला त्रास होतो, तर थेट नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयाच्या आकस्मिक विभागात जा. ही सूज काही तासांत श्वासनलिका दाबू शकते. जिना चढताना खालचा जबडा दुखतो आणि थांबल्यावर कमी होतो, किंवा जबड्याबरोबर छातीत दाब, दम, दरदरून घाम येतो, तर दुखणं हृदयाचं समजा आणि 108 ला फोन करा. बायकांमध्ये आणि मधुमेह्यांमध्ये छातीत कळ न येता फक्त जबडा दुखणं शक्य असतं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला घास चावताना जबडा भरून येतो, कानशील हाताला दुखतं आणि दिसायला अंधुक होतं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. डोळ्यांची दृष्टी पणाला लागलेली असते.

2021 चा उन्हाळा नागपूरकर विसरले नसतील. करोनातून उठलेल्या, साखर वाढलेल्या, स्टेरॉइड घेतलेल्या कित्येक रुग्णांना वरचा जबडा दुखू लागला, दात हलू लागले, गाल बधिर झाला. अनेकांना ती साधी दातदुखी वाटली. ती होती काळी बुरशी, म्यूकरमायकोसिस. बऱ्याच जणांचा वरचा जबडा काढावा लागला. करोना सरला, मधुमेह सरलेला नाही. साखर ताब्यात नसलेल्या माणसाचे चांगले दात अचानक हलू लागले, टाळूवर काळसर डाग दिसला, नाकातून काळपट स्राव आला, तर त्याच दिवशी दाखवा.

सकाळी डेंटिस्टकडे जाताना दुखणं कधी सुरू झालं, कशाने वाढतं, रात्री किती वाजता कोणती गोळी घेतली, हे कागदावर लिहून न्या. मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गरोदरपण, खर्रा, काहीही लपवू नका. रक्त पातळ करणारी गोळी दात काढायचा म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. खासगी उपचार परवडत नसतील, तर मेडिकल चौकाजवळचं शासकीय दंत महाविद्यालय 1968 पासून नागपूरकरांच्या सेवेत आहे. सकाळी लवकर केसपेपर काढला की तपासणीही लवकर होते.

पुढच्या लेखांकात खर्र्याने आखडलेलं तोंड पुन्हा किती उघडू शकतं, त्यासाठीचे व्यायाम आणि शस्त्रक्रिया यांच्याबद्दल.