चार अधिक आठ: रॅम जोडण्याबद्दलचे गैरसमज

घरच्या पीसीत ४ जीबीची एकच रॅम, शेजारचा स्लॉट रिकामा, आणि ब्राउझरमध्ये चार पानं उघडली की सगळं अडकतं. अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, "जुनी काढा आणि ८-८ ची नवी जोडी घ्या, वेगवेगळ्या साइझच्या रॅम एकत्र चालत नाहीत." या सल्ल्यापायी चांगली चालणारी रॅम ड्रॉवरमध्ये पडते, नाहीतर जोडीचा खर्च झेपत नाही म्हणून मुलांचा अभ्यास त्याच रखडणाऱ्या पीसीवर सुरू राहतो. दोन्ही गोष्टी टाळता येण्यासारख्या आहेत. एकाच पिढीच्या, एकाच प्रकारच्या रॅम असतील तर ४ आणि ८ एकत्र सहसा बिनबोभाट चालतात.

आता ड्युएल चॅनलबद्दल, म्हणजे दोन रॅमनी दोन वेगळ्या मार्गांनी (चॅनलवरून) एकाच वेळी काम करण्याबद्दल. साइझ वेगळी असली की ते पूर्ण बंद पडतं, असं अनेकजण ठामपणे सांगतात. प्रत्यक्षात ४ आणि ८ जीबी दोन वेगळ्या चॅनलवर बसवल्या, की दोन्हींमधले चार-चार जीबी जोडीने काम करतात आणि उरलेले ४ जीबी एकेरी चालतात. इंटेलमध्ये या सोयीला फ्लेक्स मेमरी म्हणतात. डीडीआर४-२४०० चा हिशोब केला तर पहिल्या ८ जीबीसाठी सेकंदाला ३८.४ जीबी आणि शेवटच्या चारसाठी १९.२ जीबी, एवढी कमाल क्षमता मिळते. हा 'संथ' भागसुद्धा साटा एसएसडीच्या तीसपटीहून वेगवान आहे. रॅम संपल्यावर विंडोज डिस्कवरच जागा शोधतं, हे लक्षात घेतलं तर १२ जीबीला नाक मुरडण्याचं कारण उरत नाही.

पण रॅम बसवायची कुठे, हे महत्त्वाचं. चार स्लॉटच्या बहुतेक मदरबोर्डवर दोनच रॅम असतील तर प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा. नक्की कुठले, ते बोर्डच्या पुस्तिकेत असतं. अशा बोर्डवर एकाच चॅनलच्या दोन स्लॉटमध्ये बसवल्या तर १२ जीबी दिसतील, पण सगळे एकेरी चालतील. प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स वापरणाऱ्याला हा फरक गेममध्ये चांगलाच जाणवतो.

वेग वेगळा असला तरी बहुधा अडत नाही. २४०० आणि ३२०० एकत्र लावल्या की दोन्ही २४०० वर येतात. इथे एक फसगत होते. सीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅममध्ये २४०० च्या रॅमपुढे १२०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा आकडा दिसतो आणि लोक दुकानदाराशी भांडायला जातात. डीडीआर रॅम घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा डेटा पाठवते, म्हणून हा आकडा निम्मा दिसतो. दुकानदाराने काही फसवलेलं नसतं.

खरा धोका "रॅम ती रॅम, कुठलीही बसते" या समजात आहे. डीडीआर३, ४ आणि ५ यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, व्होल्टेजही वेगळं. डीडीआर४ आणि ५ मध्ये पिना सारख्याच २८८, तरी एकीच्या जागी दुसरी बसत नाही; जोर लावला तर स्लॉट तुटेल. स्वस्तात मिळणारी सर्व्हरची डीडीआर४ रॅम तर जास्त फसवी, कारण ती स्लॉटमध्ये नीट बसते, पण साध्या डेस्कटॉपवर पीसी सुरूच होत नाही. लेबलवर 'रजिस्टर्ड' किंवा 'आरडिम' असं काही दिसलं तर ती घेऊ नका.

विंडोज ३२-बिट असेल तर रॅम वाढवून उपयोग नाही. त्याच्या नेहमीच्या आवृत्त्या ४ जीबीच्या पुढे जात नाहीत. आधी ६४-बिट टाका.

डीडीआर५ च्या नव्या पीसीत मात्र नंतर रॅम वाढवत जाताना हात आखडता घ्यावा. रायझन ७००० मालिकेत दोन रॅमसाठी अधिकृत वेग ५२०० आहे, चार लावल्या की तो ३६०० वर येतो. तिथे सुरुवातीलाच दोन मोठ्या घेणं बरं.

आणि जुनी-नवी जोडी लावल्यावर पहिल्या रात्री मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवा. एकही चूक दाखवली तर रॅम एकेक करून तपासा, आणि दोष नव्या रॅमचा निघाला तर ती बिलासकट दुकानात बदलून घ्या.