फीडमधून निसटणाऱ्या बातम्या

बापूजी अणे यांचे 'लोकमत' साप्ताहिक यवतमाळातून निघाले. त्या काळातले कात्रण वहीत चिकटवले की कायमचे राहायचे. संगणकावरच्या फीडला तशी हमी नाही.

आरएसएस फीड १९९९ साली नेटस्केपने आणले. थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये फीडचा पत्ता टाकला की कापूस, सोयाबीन, पाऊस यांचे मथळे वेगवेगळ्या संकेतस्थळांवरून एका जागी येतात. सोय उत्तमच आहे. पण फीडमध्ये फक्त ताज्या नोंदी राहतात. वर्डप्रेसचे मूळ सेटिंग तर अवघ्या १० नोंदींचे असते. वादळात दोन दिवस वीज गेली, संगणक बंद राहिला, तर मधल्या काळात यादीतून बाहेर पडलेल्या बातम्या फीड पुन्हा देत नाही. बऱ्याच फीडमध्ये मथळा आणि दोन ओळीच येतात. गेल्या हंगामातल्या भावाची बातमी शोधावी, तर मथळा आपल्याकडे असतो आणि मजकूर संकेतस्थळावरून उडालेला.

साठवणीचा जाच वेगळाच. थंडरबर्ड सहसा एका फोल्डरच्या साऱ्या नोंदी एकाच फाइलमध्ये ठेवतो. डिलीट केलेली नोंद दिसेनाशी होते, पण फोल्डर 'कॉम्पॅक्ट' होईपर्यंत डिस्कवरची जागा सुटत नाही. जुन्या संगणकावर हे फार नडते.

फीड वाचायची साधनेही कायम राहत नाहीत: गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाला. फायरफॉक्स ब्राउझरने डिसेंबर २०१८ मध्ये फीडची सोय काढली. म्हणून कामाची बातमी तारखेसह पीडीएफ करून ठेवा आणि फीडची यादी ओपीएमएल फाइलमध्ये काढून पेनड्राइव्हवर जपा.